पूर्वलक्षी प्रभावाने

पाकीट जाड आहे, म्हणजे होकार असणार, ऑरिन म्हणाला;
नकाराला एक पान पुरतं.
लोण्याच्या सुरीने फोडलं ते,
आणि स्वयंपाकघरात, बूट न काढता, उभ्यानेच वाचलं:

अर्जदाराची नोंद यापुढे अशी वाचावी
की मेजर हुद्द्यावरची बढती त्यांना
सहा फेब्रुवारीला नव्हे,
तर त्याआधीच्या नऊ मार्चला मिळाली होती.
पूर्वलक्षी प्रभावाने.

चूक साधीच होती.
मायनॉटमध्ये आम्ही टॉलेफसन पैशाला पासरी,
आणि कुणीतरी, बहुधा शुक्रवारी दुपारी चारनंतर,
माझे कागद एल्मर टॉलेफसनच्या फाइलीत लावले.
तोफखाना, निवृत्त, पुरून बारा वर्षं झालेला.
अकरा महिने त्याच्याकडे वैद्यकीय तपासणीचा दाखला मागत होते.
त्याने उत्तर दिलं नाही.
मी तीनदा लिहिलं, तीनदा कळलं
की प्रकरण विचाराधीन आहे.
चूक सापडायला अकरा महिने लागले,
चूक झाली असं म्हणायला अडीच वर्षं.

थकबाकी, कर वजा जाता, सात हजार चारशे बारा डॉलर.
ऑरिनला तळघरातली भट्टी बदलायची आहे,
मला पिकअपची टायरं.
सेवाज्येष्ठतेच्या यादीत मी चौदा नावं वर सरकले.
त्यातल्या दोघांना फोन करून सांगावंसं वाटलं.
केला नाही.

रात्री जुनं कॅलेंडर काढून बसले.
दंतवैद्याच्या फॉर्मवर, धाकटीच्या शाळेच्या पासवर,
मेसमधल्या कॉफीच्या उधारीच्या वहीत
त्या अकरा महिन्यांत सगळीकडे मी कॅप्टन.
अशी बाई तेव्हा नव्हतीच, कागद म्हणतो.

आणि एकोणीस एप्रिल.
सूरिसचं पाणी बांधाच्या तोंडाशी आलेलं,
वाळूच्या पोत्यांचा ट्रक ओल्या खडीवरून घसरला
आणि कोल्बी लिस्ने, वय वीस, खाली सापडला.
त्याच्या आईला मी हाताने पत्र लिहिलं.
चार मसुदे फाडले.
पोती रचताना तो शीळ घालायचा, तीही बेसूर,
हे लिहावं की नाही, यात पहाट झाली.
लिहिलं.
बेसूर हा शब्द गाळला.
खाली सही: कॅप्टन इंग्रिड टॉलेफसन.

मंडळाला नऊ मार्च परत आणता येतो,
जावक क्रमांक घालून, शिक्का मारून, जाड पाकिटात.
मग माझं डोकं एकोणीसच्या पहाटेकडे जातं,
त्या खडीकडे, चाकांकडे,
कुणी पूर्वलक्षी प्रभावाने जरा ब्रेक
तिथेच थांबते.
त्या अर्जाचा नमुना कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

सोमवारी बिस्मार्कला फोन लावला.
विचारलं, मधल्या काळातल्या सह्या
आता दुरुस्त कराव्या लागतात का.
पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला.
नाही मॅम, ती म्हणाली. आम्ही फक्त तारीख हलवतो.
सह्या जिथे असतील तिथे राहतात.
मग जरा थांबून, तिचं काम नसताना:
का, एखादी बदलायची होती का?
नाही, मी म्हणाले. नाही, नाही.

शनिवारी कवायतीहून परतताना
किराणा दुकानाच्या आवारात डार्लीन लिस्ने भेटली,
ट्रॉलीत मांजराच्या वाळूची दोन पोती.
माझ्या छातीवर सोनेरी पान आहे,
ते तिने पाहिलंय, आज नाही, कितीतरी वेळा.
कॅप्टन, ती म्हणाली,
तुमचं मागचं डावं टायर बसलंय.

मी दुरुस्ती केली नाही.
आम्ही दोघी वाकून
त्या टायरकडे
गरजेपेक्षा जास्तच वेळ बघत राहिलो.